दिवाळीला माहेरी, फियाटने

ताईने ना-हरकत पत्रावर सही केली आणि पेन माझ्या हातात देता देता अट घातली. "दिवाळीला मला माहेरी न्यायला हीच गाडी यायला पाहिजे. नुसती शेडमध्ये पुसत बसणार असलास तर आत्ताच सांग."

२०२२ चा पावसाळा होता. अण्णांना जाऊन महिना झाला होता. घर, शेत, बँकेतली खाती यांवरून आम्हा भावंडांत शब्दाला शब्द लागला नाही. अट पडली ती एकट्या गाडीवर. मी हसून हो म्हणालो. त्या एका हो-पायी पुढची तीन वर्षं मी काय काय केलं ते लिहून ठेवावं असं वाटलं, कारण जुनी गाडी सांभाळायची म्हटली की लोक इंजिनाबद्दल बोलतात, कागदांबद्दल कोणी बोलत नाही.

गाडी म्हणजे फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये इटलीच्या फियाट ११०० चं हे रूप बनायचं. पुढे फियाट हे नाव गेलं, एक-दोन वर्षं तिला प्रीमियर प्रेसिडेंट म्हणाले, आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. आमची त्या सांध्यावरची. नोंदणी फेब्रुवारी १९७४ ची, पुढच्या जाळीवर प्रेसिडेंटचा बिल्ला. पण घरात, गल्लीत, गॅरेजात तिला कोणीही फियाटशिवाय दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. पुढची सीट सलग बाकासारखी. लहानपणी मी आणि ताई त्या बाकावर अण्णांच्या शेजारी बसायचो, आणि अण्णांनी दुसरा गिअर टाकला की त्यांचं कोपर मधल्याला लागायचं. मधला म्हणजे नेहमी मी.

मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो आणि त्याला तीन महिन्यांची मुदत असते, हे मला आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसलेल्या एकाने सांगितलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट विमा एजंटकडून कळली. मालक गेला की त्याची पॉलिसी लगेच मरत नाही, पण तीन महिने किंवा तिची स्वतःची उरलेली मुदत, यांतलं जे आधी संपेल तोवरच ती चालते. अण्णांची पॉलिसी डिसेंबरपर्यंत होती. मी निवांत होतो, म्हणजे चुकीच्या तारखेकडे बघत होतो. मधल्या काळात काही झालं असतं तर हातात वैध दिसणारा आणि प्रत्यक्षात निकामी असा कागद राहिला असता. ज्यांच्या घरात वडिलांच्या नावावरची गाडी अजून तशीच चालते आहे त्यांनी एवढं तरी आजच बघावं.

मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आईची आणि ताईची ना-हरकत, आरसी, विमा, पीयूसी असा गठ्ठा घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी नंबर टाकला. गाडी सापडेना. १९८९ च्या आधीचे नंबर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असे; आमचे आकडे तीनच. बाईंनी जागा सोडून बघितलं, जोडून बघितलं. शेवटी अक्षरं आणि आकडे यांच्या मध्ये एक शून्य घातल्यावर अण्णांचं नाव पडद्यावर आलं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या नंबराने गाडी फिरली त्यात शून्य कधीच नव्हतं. पण आता आहे, आणि पुढे जिथे जिथे नंबर भरायचा तिथे ते घालायचं हे मी आरसीच्या पाकिटावर लिहून ठेवलं.

नाव आलं, पण इंजिन नंबर जुळेना. जुन्या आरसी पुस्तकात शेवटून दुसरा आकडा ३, संगणकात ८. जाड रजिस्टरांवरून नोंदी संगणकात चढवताना कुठेतरी कोणाचा तरी डोळा चुकला असणार; पुस्तकातल्या शाईकडे बघितलं तर मीही आठच वाचला असता. आता खरं काय ते गाडीलाच विचारायचं.

त्याची रीत मला फार आवडली. चेसिसवर आणि इंजिनवर ठोकलेले आकडे असतात. ती जागा घासून साफ करायची, वर पातळ चिकटपट्टी लावायची आणि पेन्सिलीचं शिसं आडवं धरून हलक्या हाताने घासायचं. लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून करायचो तसंच. इंजिनवर पन्नास वर्षांचं ऑइल, ग्रीस आणि कोणीतरी मध्येच मारलेला रुपेरी रंग होता. गॅरेजवाले चाचा रॉकेलचं फडकं घेऊन अर्धा तास बसले. आधी एक गोल दिसला, मग दुसरा, मग त्या गोलाची डावी बाजू उघडी असल्याचं दिसलं. तीन. चाचांनी पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "घ्या, तुमच्या वडिलांचंच इंजिन आहे." त्या क्षणापर्यंत मला शंकाच आली नव्हती. पण त्या काळच्या कितीतरी गाड्यांत टॅक्सीची इंजिनं येऊन बसली आहेत आणि मालकांना पत्ता नाही. मुंबईच्या टॅक्स्यांनी एवढी वर्षं याच गाडीचे सुटे भाग बाजारात खेळते ठेवले, त्याची ही दुसरी बाजू.

नोंदीतल्या चुकीच्या दुरुस्तीला अर्ज, त्यावर साहेबांची टिप्पणी, मग हस्तांतरण. चार फेऱ्या झाल्या. त्याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

खरा पेच फेब्रुवारी २०२४ ला होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग, म्हणजे गाडी तपासून नोंदणीचं नूतनीकरण. आमचं १९८९ पासून चालू आहे. २०१९ मध्ये अण्णांनी नूतनीकरणाचे ६०० रुपये भरल्याची पावती फाइलमध्ये आहे. एप्रिल २०२२ पासून तीच फी ५,००० झाली. त्यावर पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर पाच वर्षांचा ३,०००. हे सगळं ठरलेलंच होतं. पण त्याच महिन्यात गाडीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, आणि पन्नाशी म्हणजे कायद्याने व्हिंटेज.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नोंदलेल्या गाडीला नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. माझ्या ओळखीच्या दोघांनी "लगेच कर" म्हणून सांगितलं. मान वाढतो, किंमत वाढते, जुन्या गाड्या भंगारात काढायच्या धोरणाची भीती राहत नाही. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू.

मग नियम पूर्ण वाचला. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि या कामांसाठी जाणं-येणं, एवढंच. बुधवारच्या बाजाराला जाऊन मेथी आणणं त्यात नाही. बहिणीला दिवाळीला आणणं तर नाहीच.

नियमाचा हेतू मला कळतो. संस्थानिकांच्या दारातल्या लांबलचक गाड्यांसाठी तो बरोबर आहे. त्या गाड्या तशाही वर्षातून दोनदा बाहेर येतात. पण आमची फियाट कधी राजाची नव्हती. कारकून, डॉक्टर, दुकानदार यांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली ही गाडी. तिने पोती वाहिली, वराती नेल्या, बाळंतिणींना दवाखान्यात पोचवलं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं तर ती नेमकी कोणती गाडी उरते? सरकारच्या खात्यात जुन्या गाडीसाठी दोन कप्पे आहेत, एक भंगाराचा आणि एक शोभेचा. मी तिसऱ्यात राहायचं ठरवलं, म्हणजे साध्या रिपासिंगच्या रांगेत.

त्यासाठी आधी पीयूसी. लोकांना वाटतं की एवढी जुनी गाडी त्यात पास कशी होणार. पण मोजमाप गाडीच्या काळाप्रमाणे असतं: भारत स्टेज दोन या धुराच्या निकषाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या काळातल्या गाड्यांना अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी. आमची पहिल्यांदा साडेचारवर गेली. चाचांनी तिथेच, पीयूसीच्या टपरीसमोर, बॉनेट उघडलं. कार्बोरेटरचा मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा आत. इंजिन जरा अडखळलं, मग सावरलं. आणखी थोडा आत. यंत्रावर २.६. टपरीवरच्या पोराने असा स्क्रू आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांत हे सगळं संगणक ठरवतो. त्याने चाचांना पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं आणि मोबाइलवर त्याचं चित्रण केलं.

रिपासिंगला निरीक्षकांनी हॉर्न, वायपर, दिवे, हँडब्रेक बघितला. साइड द्यायचे दिवे लागतात पण वळल्यावर आपोआप बंद होत नाहीत, ते हाताने बंद करावे लागतात, हे मी आधीच सांगून टाकलं. त्यांनी गाडी थोडी चालवून बघायचं ठरवलं आणि पहिला गिअर टाकायला गेले तर खर्रर्र. या गाडीत पहिला गिअर चालत्या गाडीत घालायचा नसतो, पूर्ण थांबून घालायचा. "तुम्हीच घ्या," म्हणून ते शेजारी बसले.

आता विम्याचं, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथे खर्ची पडलं.

थर्ड पार्टी विमा सोपा. दर सरकारने ठरवलेले असतात. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२ पासून ३,४१६ रुपये, वर जीएसटी. पन्नास वर्षांची असो की पाच, तेवढेच. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला यात निम्मी सूट आहे, म्हणजे १,७०८ रुपये वाचतात. एजंटने हा मुद्दा मला तीनदा सांगितला. मी त्याला वर्षाच्या मेथीचा हिशेब सांगितला.

अवघड आहे ते स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, घसाऱ्याच्या तक्त्यावरून निघते. त्यापुढची, किंवा बनणं बंद झालेल्या मॉडेलची, विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. ऑनलाइन प्रयत्न केला तर दोन ठिकाणी यादीत गाडीच नव्हती, आणि तिसऱ्या ठिकाणी "चेसिस क्रमांक सतरा अंकी असावा" यावर सगळं अडलं. सतरा अंकांची पद्धत येण्याआधीची गाडी ही. शेवटी अण्णा जिथे जायचे त्याच शाखेत गेलो.

तिथे फाइल उघडल्यावर कळलं की अण्णांच्या पॉलिसीत आयडीव्ही वीस हजार आहे आणि ती कित्येक वर्षं वीस हजारच आहे. एजंट दर डिसेंबरला मागच्या वर्षीचा आकडा उतरवून काढायचा, अण्णा चेक द्यायचे. हप्ता कमी म्हणून कोणाचीच तक्रार नव्हती. पण याचा अर्थ काय होतो तो मला तिथल्या एका जुन्या बाईंनी समजावला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण गेली असं धरतात. म्हणजे आमच्या गाडीला पंधरा हजारांचं काम निघालं, आणि एक दरवाजा व एक मडगार्ड नीट करून रंगवायचं म्हटलं तरी तेवढं निघतं, तर कंपनीच्या लेखी गाडी संपली. घ्या पैसे आणि द्या गाडी. धक्का लागलेली चांगली गाडी वीस हजारांत भंगारात गेली असती, तीही नियमाला धरून.

मग मूल्यांकन करून घेतलं. मूल्यांकन करणाऱ्याने गाडीखाली सरपटत जाऊन फोटो काढले, तळाचा पत्रा टाचणीने टोचून बघितला. गंज कुठे लपतो हे त्याला ठाऊक होतं: दरवाज्यांच्या खालच्या कडा, स्टेपनीखालचा खड्डा, बॅटरीखालचा पत्रा. मी अडीच लाख म्हणालो, शाखेने सव्वा लाख म्हटलं, एक लाख ऐंशी हजारांवर तडजोड झाली. अण्णांनी कधीच क्लेम केला नव्हता म्हणून पन्नास टक्के नो क्लेम बोनस साचला होता; मालकाच्या मृत्यूनंतर तो मुलांना मिळू शकतो हेही बाईंनीच सांगितलं. त्यामुळे एवढी किंमत वाढवूनही हप्ता फार चढला नाही. त्या निवृत्त झाल्या आहेत. जाताना मी त्यांना फियाटमधून चक्कर मारायला बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत.

अशी कागदांची तयारी झाल्यावर २०२४ च्या दिवाळीत अट पूर्ण करायला निघालो. ताई पुण्याला, आम्ही खंबाटकी घाटाच्या दक्षिणेला. आधीच्या दोन दिवाळ्यांना मी ताईला आमच्या साध्या हॅचबॅकने आणलं होतं आणि दोन्ही वेळा तिने तोंड वाकडं केलं होतं.

हायवेला फियाट साठ-पासष्टच्या वेगात खूश असते. ऐंशी जाते, पण मग स्टेअरिंगमध्ये एक थरथर येते आणि बोलणं ऐकू येत नाही. आपण डाव्या लेनने जात असतो, मागून शंभरने येणारे दिवे मारतात, आणि मग जवळ आल्यावर नेमके हळू होतात. कारण त्यांना फोटो काढायचा असतो. एक पांढरी गाडी किलोमीटरभर माझ्या बरोबरीने चालली, मागच्या सीटवरची मुलं खिडकीबाहेर वाकून चित्रण करत होती. प्रेमाने करतात, पण त्या वेळी पुढे ट्रॅक्टर आला तर मी उजवीकडे कुठे जाणार हे कोणाच्या मनात येत नाही. दुसरी गंमत हाताच्या इशाऱ्याची. आमचे साइडचे दिवे दिवसा उन्हात दिसतच नाहीत, म्हणून मी उजवीकडे वळताना अण्णांसारखा हात बाहेर काढतो. मोटारसायकलवाल्या पोरांना वाटतं काका "ये, पुढे जा" म्हणताहेत. ती बरोबर त्याच बाजूने घुसतात. आता मी हातही काढतो आणि आरशातही बघतो.

जाताना खंबाटकीचा बोगदा, पुढचं एस आकाराचं वळण, शिरवळ, मग कात्रजचा नवा बोगदा. तिथून नवले पुलापर्यंतचा उतार म्हणजे ड्रम ब्रेकवाल्याची परीक्षा. ड्रम तापले की पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही, आणि या उतारावर मागे कोणता ट्रक न्यूट्रलमध्ये सुटला आहे ते सांगता येत नाही. मी बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच तिसरा टाकला. इंजिन गुरगुरत राहिलं, गाडी चाळीसच्या वर गेली नाही, मागचे हॉर्न वाजवत राहिले. वाजवू देत.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, ताईने घरचं ओवाळणं उरकलं आणि आम्ही अकराला निघालो. भावजी त्यांच्या गाडीने मागून संध्याकाळी येणार होते; ते हुशार आहेत. पुण्याहून येताना तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता, जुना घाट चढावा लागायचा. दिवाळीची सुट्टी, त्यात शनिवार. महाबळेश्वरला जाणाऱ्या आणि गोव्याला जाणाऱ्या सगळ्या गाड्या त्या चढावर एकीला एक चिकटून उभ्या. पहिला गिअर, दहा फूट, थांबा. पुन्हा पहिला. तापमानाचा काटा चढत चढत उजव्या कडेला. दुसऱ्या वळणावर इंजिनने दोन आचके दिले आणि बंद पडलं.

हे आजारपण मला माहीत होतं. पेट्रोलची नळी आणि पंप इंजिनाच्या अंगालाच असतात. उभ्या गाडीत वारा मिळत नाही, नळीतलं पेट्रोल उकळतं, आणि पंप वाफ ओढत बसतो. कार्बोरेटर कोरडा. चाचांचं म्हणणं असं की पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून हे जास्त होतंय. रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात हे तर मी स्वतः बघितलं आहे, दोन्ही बदलून घेतलेत. उपाय मात्र अण्णांच्या वेळचाच. एसी पंपावर ओलं फडकं. एसी पंप म्हणजे पेट्रोलचा पंप, गार हवेशी संबंध नाही.

बॉनेट उघडलं. फडकं होतं, पण माझ्या बाटलीतलं पाणी संपलं होतं. ताईने पिशवीतून तिची बाटली काढली, आणि फडकं पुरेना म्हणून ओवाळणीच्या ताटावर झाकायला घेतलेला नवा रुमालही दिला. "ओत," मी म्हणालो. तिने पंपावर धार धरली, चर्र झालं, वाफ आली. साठीला आलेली माझी बहीण, नवी पैठणी खोचून, खंबाटकीच्या चढावर इंजिनावर पाणी ओतत उभी, आणि शेजारून इंच इंच सरकणाऱ्या गाड्यांतून लोक आम्हाला फुकटचे सल्ले देत होते. एकाने विकायची का म्हणूनही विचारलं.

वीस मिनिटांनी पंप हाताला सोसेल इतका निवला. चोक न ओढता, अॅक्सिलरेटर अर्धा दाबून स्टार्टर मारला. लागली. ताई बसली, मी पहिला टाकला, आणि तेवढ्यात मागून धाड.

मोठी, उंच, नवी गाडी. चालवणारा पंचवीस-सव्वीसचा, हातात मोबाइल. "सॉरी काका, ब्रेकवरचा पाय निसटला." आमचा लोखंडी बंपर एका बाजूने आत गेला होता आणि डावीकडच्या मागच्या दिव्याची काच फुटली होती. त्याच्या गाडीचा प्लास्टिकचा बंपर मधोमध चिरून लोंबत होता. तो स्वतःच्या गाडीकडे बघून रडकुंडीला आलेला. ताईनेच त्याला अनारशाचा डबा पुढे केला. मला तिचा राग आला, अजून थोडा आहे.

क्लेम केला ही माझी चूक. बंपर सरळ करायची मजुरी २,८००, प्लेटिंग ३,५००, दिव्याची काच ९००. काच पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी मिळाली. तिथे पावती कुठली? ते ९०० गेले. प्लेटिंगचे निम्मेच धरले. सक्तीची वजावट १,०००. हातात आले ३,५५०. आणि डिसेंबरमध्ये नूतनीकरणाला पन्नास टक्के बोनस शून्य झाला, म्हणजे हप्ता एकदम तीन हजारांनी वाढला, आणि तो पुन्हा साचायला पाच वर्षं. अण्णांनी जन्मात क्लेम का केला नाही ते तेव्हा कळलं. ते हिशेबाचे पक्के होते, फक्त आयडीव्हीवर त्यांची नजर गेली नाही.

२०२५ मध्ये नव्या सुरक्षा नंबरप्लेटा बसवल्या. चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी. ऑनलाइन नंबर भरताना शून्य घालायचं लक्षात होतं, म्हणून पहिल्या फेरीत काम झालं. जुन्या प्लेटा काळ्या, त्यावर पेंटरने ब्रशने काढलेली पांढरी अक्षरं. त्या डिक्कीत, स्टेपनीच्या मागे ठेवल्या आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांच्या वरच्या गाड्यांची नूतनीकरण फी दहा हजार झाली. आमचा पुढचा नंबर फेब्रुवारी २०२९ ला.

यंदाच्या भाऊबीजेच्या आदल्या आठवड्यात ताईचा फोन आला. म्हटलं, या वेळी हॅचबॅकने येऊ का, घाटात पुन्हा तसंच व्हायचं. ती म्हणाली, "फियाटनेच ये. मी दोन बाटल्या जास्त घेते." मग जरा थांबून, "आणि फडकं तुझं तू आण. तो रुमाल धुवूनही पेट्रोलचा वास गेला नाही."